अकरा दोषांची विजेची गाडी

सुभेदारांच्या घराण्यात विकण्याचा गुण नव्हता. मूळ पुरुष नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर जबलपूरला आला तेव्हा त्याच्याजवळ दोन घोडे होते, एवढं घरात सगळ्यांना पाठ. ते घोडे पुढे कोणाला केवढ्याला दिले, हे मात्र कोणीच सांगत नसे. बहुधा कोणीतरी मागितले आणि यांनी दिले. हेमचंद्र सुभेदारांचीही तीच रीत. आपली पहिली स्कूटर त्यांनी दूधवाल्याला "चार दिवस चालवून बघ, मग भावाचं बोलू" म्हणून दिली. त्याला एकोणीस वर्षं झाली, दूधवाला अजून चालवून बघतो आहे. जुन्या फ्रिजला गिऱ्हाईक मिळालं नाही, म्हणून तो व्हरांड्यात उभा असतो. खाली चपला, आणि जिथे पूर्वी बर्फ व्हायचा तिथे बुटांचं पॉलिश.

आणि आता, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, या माणसाला मोटार विकायची होती. तीही विजेची, तीही चांगल्या भावात, आणि तीही एप्रिल संपायच्या आत.

कारण बापूसाहेब.

बापूसाहेब म्हणजे हेमचंद्रांचे वडील. वय एक्याण्णव, हायकोर्टातून न्यायाधीशांचे रीडर म्हणून रिटायर, आणि देहाने अजूनही फुल बेंच. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मूत्रपिंडांनी काम थांबवलं, तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सात वाजता डायलिसिस. त्यासाठीच ही गाडी घेतलेली. आवाज नाही, धूर नाही, गिअरचे हिसके नाहीत. तीन वर्षं बापूसाहेब काठी टेकत येत आणि दार उघडून स्वतः बसत. गेल्या दिवाळीनंतर पाय गेले. मग चाकाची खुर्ची आली, आणि खुर्चीतून गाडीत, गाडीतून खुर्चीत अशी उचल सुरू झाली. जाताना दोन, येताना दोन, आठवड्याच्या आठ. उचलणारा एकच, हेमचंद्र. मुलगी श्रद्धा पुण्याला, ती रोज फोनवरून "बाबा, कंबर सांभाळा" म्हणायची. कंबर फोनवर सांभाळता येत नाही, एवढाच प्रश्न होता.

"हळू रे हेमू, मी काही तोफ नाही," बापूसाहेब म्हणत. हेमचंद्रांची सगळी नोकरी आयुध कारखान्यात गेली होती, त्याला हा टोमणा.

"तोफ परवडली, बापूसाहेब. तिला चाकं असतात."

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून चौथा आणि पाचवा मणका दाखवला आणि सांगितलं, "सुभेदारजी, हे असंच चालू ठेवलंत तर पावसाळ्यापर्यंत दोन खुर्च्या लागतील घरात."

तेव्हा कटनीतल्या एका माणसाच्या व्हॅनचा पत्ता लागला. सरकतं दार, मागून उतरती फळी, खुर्ची ढकलली की माणसासकट आत. त्याने आपल्या आईसाठी करून घेतलेली, आई गेली, आता विकायची होती. भाव चार लाख ऐंशी हजार. "तीस तारखेपर्यंत थांबतो भाईसाहब," तो म्हणाला, "पुढे दुसरी पार्टी आहे." बँकेतल्या ठेवीच्या व्याजावर डायलिसिस चालायचं, तिला हात लावायचा नाही हे नवरा-बायकोचं ठरलेलं. म्हणजे गाडीने चार ऐंशी आणले पाहिजेत. नाहीतर कंबर.

हेमचंद्रांनी कामाला सुरुवात केली ती आपल्या पद्धतीने. कारखान्यात ते तपासणी विभागात होते. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंत खोट शोधली, आणि खोट सापडल्याशिवाय त्यांना चहा गोड लागला नाही. असा माणूस मोबाईलवर गाडीची जाहिरात टाकायला बसला. "मागच्या डाव्या दारावर ओरखडा, लांबी साडेतीन इंच. एसी तिसऱ्या नंबरवर गुणगुणतो. ड्रायव्हरच्या सीटची शिवण एक जागी उसवलेली. उजवा आरसा बंद होताना कुरकुरतो." असे एकंदर अकरा दोष त्यांनी क्रमांक घालून लिहिले. गुण लिहायचे राहूनच गेले.

शरयूताईंनी चष्मा लावून ते वाचलं.

"अहो, बारावा राहिला की."

"कोणता?"

"मालक. लिहा ना, मालक चौसष्ट वर्षांचा, कंबर गेलेली, विकता येत नाही."

"लपवून काय फायदा? तो पाहीलच ना उद्या."

"पाहील तेव्हा पाहील. तुम्ही काहून टॉर्च धरून उभे राहता?"

पण जाहिरात तशीच गेली. आठ दिवसांत चौदा फोन आले. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "भैया, लास्ट प्राइस?" हेमचंद्र म्हणत, "आधी दोष ऐका." चौथ्या दोषापाशी फोन कट व्हायचा.

मग नथ्थू आला. दमोह नाक्याकडे जुन्या गाड्यांचा बाजार मांडून बसलेला, पांढरी पँट, हातात किल्ल्यांचा झुबका. त्याने गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, टायर दाबले, सीटचा वास घेतला, बॉनेट उघडलं आणि जरा खट्टू झाला.

"काकाजी, याच्यात ठोकून पाहायला काहीच नाही ना!"

हेमचंद्रांनी त्याच्या हातात अकरा दोषांचा कागद दिला. नथ्थूचा चेहरा उजळला. "वा काकाजी! हे शोधायला मला आधा दिन लागला असता." मग त्याने स्टिअरिंगखाली एक बोटाएवढं यंत्र खुपसलं आणि मोबाईलमध्ये पाहून जिभेने च्यक् केलं. "बॅटरीत नवीपेक्षा उन्नासी टक्के दम उरला आहे. गाडी किती चालली? सहा हजार. इतकीशी चालली, मग इतकी थकली काहून?"

हेमचंद्रांना तो प्रश्न गाडीबद्दल आहे असं वाटलंच नाही.

"सव्वातीन," नथ्थू म्हणाला.

"सव्वातीन?"

"लाख, काकाजी. हजार नाही म्हणून राहिलो. बिजली की गाडी म्हणजे मोबाईल समजा. नवा आला की जुना कशाला? टॉर्च म्हणून."

शरयूताई चहा घेऊन आल्या होत्या. "नथ्थू भैया, साखर घालू का, की तिचे पण कापाल?"

"घाला ना दीदी, दोन चमचे," नथ्थू म्हणाला आणि खरोखरच दोन चमचे साखरेचा चहा पिऊन, सव्वातीनावर ठाम राहून, निघून गेला.

गौरांग मागच्या गल्लीत राहायचा. पंचेचाळिशीचा, पॉलिटेक्निकमध्ये वीज शिकवणारा. संध्याकाळी बापूसाहेबांची तब्येत विचारायला आला तेव्हा हेमचंद्र पायरीवर बसले होते आणि गाडी समोर तारेला लावलेली होती. म्हशीला वैरण घातल्यासारखी ती कायम तारेला लावलेली असे. हेमचंद्रांनी त्याला नथ्थूचं ते उन्नासी, म्हणजे एकोणऐंशी टक्के, सांगितलं.

"काका, किती चार्ज आहे?"

"सत्त्याण्णव."

"सत्त्याण्णव असून लावली?"

"शंभर करून राहिलो. बापूसाहेबांना केव्हा न्यावं लागेल, भरवसा आहे का? गाडी भरलेली पाहिजे."

"चार वर्षांत कधी अर्ध्याच्या खाली गेली?"

"गेली असती तर मला झोप आली असती का?"

गौरांग हसला नाही. शिकवणाऱ्या माणसाला असं उत्तर मिळालं की तो गंभीर होतो. "काका, तिथेच घोळ आहे. समजा गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तुम्ही रोज चार बोटं पाणी वापरता आणि लगेच मोटर लावता. टाकीचा तळ चार वर्षांत कोणी पाहिलाच नाही. मग टाकी किती खोल आहे, हे कोणाला माहीत? गाडीतल्या कॉम्प्युटरचं तेच झालंय. तो अंदाजाने सांगून राहिला. थोडा दम खरंच गेला असेल. सदा काठोकाठ भरलेली आणि वर आपलं ऊन. पण उन्नासी मला नाही पटत."

"मग?"

"एकदा रिकामी करा. एका दमात, दहा टक्क्यांपर्यंत. मग घरच्या सॉकेटवर सावकाश शंभर, मध्ये काढायची नाही. त्यानंतर सर्व्हिस सेंटरमधून लेखी रिपोर्ट घ्या. तो कागद दाखवून भाव सांगा."

"रिकामी म्हणजे किती चालवायची?"

"दीडशे किलोमीटर तरी."

दवाखाना ते घर साडेपाच किलोमीटर होतं. त्यांची गाडी भेडाघाटला गेली नव्हती, तिथे जाऊन परत यायला लागते त्याच्या चौपट वीज असतानाही गेली नव्हती. आणि आता तिला मुद्दाम उपाशी ठेवायचं, तेही घरात बापूसाहेब असताना?

"मी येणार," आतून आवाज आला. बापूसाहेबांना डाव्या कानाने ऐकू येत नसे, पण उजवा कान निकालपत्रासारखा स्पष्ट होता.

"बापूसाहेब, दिवसभर बसावं लागेल."

"इथे दिवसभर काय करतो मी? छताकडे पाहतो. छत पाठ झालं."

रविवारी सकाळी आठला, शंभर टक्क्यांवर, मोहीम निघाली. पुढे बापूसाहेब, डोक्याला मफलर, कारण एसी पूर्ण चालू ठेवायचा गौरांगचा हुकूम. मागे शरयूताई, मांडीवर डबा, पायाशी मोजून आणलेलं पाणी, कारण बापूसाहेबांना घोटांचा हिशेब होता. सिव्हिल लाइन्समधून बाहेर पडले आणि पहिल्याच चौकात गाडी डावीकडे वळली.

"आज सोमवार आहे का?" बापूसाहेबांनी विचारलं.

"रविवार."

"मग दवाखान्याकडे काहून वळलास?"

हेमचंद्रांनी गाडी थांबवली. हातांनी वळवली होती, त्यांनी नव्हे. "सॉरी," ते म्हणाले, कोणाला ते त्यांनाही कळलं नाही.

सदरमधून ग्वारीघाट, तिथून तिलवारा, तिथून भेडाघाट. बापूसाहेबांनी काच खाली करायला लावली आणि नर्मदेला बसल्या जागेवरून नमस्कार केला. बहात्तर टक्के. परत येताना त्यांनी प्रत्येक चौकावर निकाल दिला. इथे टॉकीज होती, ती पाडली. इथे वकील पाध्यांचा बंगला, तो पोरांनी बिल्डरला दिला. इथे काही नव्हतं, ते छान होतं. पंचेचाळीस टक्के झाले तसे हेमचंद्र बोलायचे थांबले. त्यांची नजर रस्त्यावर कमी आणि आकड्यावर जास्त. एकेक टक्का गळताना पाहणं म्हणजे सलाइनची बाटली पाहण्यासारखं, फक्त ही बाटली रिकामी झाली की कोणी नर्स येणार नव्हती.

दुपारी कमानिया गेटच्या गर्दीत गाडी अडकली. पुढे हातगाडी, मागे ई-रिक्षा, बाजूला गाय.

"अहो, हॉर्न वाजवा ना."

"वाजवून काय होणार? थांबल्यानेसुद्धा एसीवर बॅटरी उतरतेच आहे. आपलं काम होऊन राहिलं."

चार वर्षांत प्रथमच अडकून पडणं कामाचं ठरलं होतं. बडा फुहाऱ्यापाशी बापूसाहेबांना कढईतला वास आला.

"खोव्याची जलेबी."

"बापूसाहेब, डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर इथे हजर आहे का? नाही ना? मग एकतर्फी हुकूम घे."

शरयूताईंनी उतरून एक जलेबी आणली आणि नखाएवढा तुकडा त्यांच्या जिभेवर ठेवला. बापूसाहेबांनी तो बराच वेळ तोंडात धरला. "हा नमुना झाला," ते म्हणाले, "माल कुठे आहे?" माल शरयूताईंनी खाल्ला.

राणीताल, राइट टाउन, मदनमहालचा नवा पूल एकदा इकडून आणि एकदा तिकडून. बत्तीस. चोवीस. अठराला गाडीने घंटा वाजवली आणि हेमचंद्रांच्या कपाळावर, पूर्ण एसीत, घाम आला. चौदाला पुन्हा घंटा. बापूसाहेब उत्साहात होते. "अजून एक चक्कर मार, हेमू. आज माझा आवाज बघ कसा मोकळा झालाय." सहाच्या सुमारास दहा टक्क्यांवर गाडी फाटकात शिरली. हेमचंद्रांनी किल्ली काढली आणि दोन मिनिटं तसेच बसून राहिले. दहा तास चालवून झालं होतं आणि खरं काम, म्हणजे बापूसाहेबांना उतरवणं, अजून बाकी होतं.

सर्व्हिस सेंटरच्या कागदावर अठ्ठ्याऐंशी आलं. शिक्क्यासकट. हेमचंद्रांनी तो कागद तीनदा तपासला, चूक सापडली नाही, तेव्हा कुठे त्यांना थोडा आनंद झाला. त्यांनी नथ्थूला फोन लावला.

"अठ्ठ्याऐंशी? अच्छा." पलीकडे किल्ल्यांचा झुबका वाजला. "चलो काकाजी, तुमच्यासाठी तीन साठ."

चोवीस तारीख झाली होती. कटनीवाल्याचा त्या संध्याकाळी फोन आला, त्याने काही विचारलं नाही, फक्त "नमस्ते भाईसाहब, सब कुशल?" एवढंच. हेमचंद्रांनी फोन ठेवून कॅलेंडरवरचे उरलेले दिवस मोजले.

गुरुवारी डायलिसिसच्या बाहेरच्या बाकावर ते भिंतीला डोकं टेकून बसले होते. इथे सकाळी सातला अंजनीबाई ठवरे पोहे आणायच्या आणि दुपारी डबे. पन्नाशीच्या, ठेंगण्या, मूळच्या गोंदियाकडच्या, दोन वर्षांपासून इथल्या नातेवाइकांना त्याच जगवत होत्या. बापूसाहेबांची खुर्ची अडली तर न सांगता मागून धरायच्या आणि लगेच आपल्या डब्यांकडे जायच्या. आज त्या पोह्याची बशी घेऊन थेट हेमचंद्रांपुढे उभ्या राहिल्या.

"दादा, गाडी विकून राहिले म्हणे?"

"कोणी सांगितलं?"

"सिस्टरनं. तिच्या भावाले नाही घ्यायची, म्हणून मले सांगितलं. मी रोजचे सातशे ऑटोवाल्याले देतो, अन् तो खड्ड्यातून असा नेते की अर्धी कढी सडकेलेच वाढते. रोज पन्नास-साठ किलोमीटरचं माझं फिरणं. पुरते का तुमची बॅटरी?"

"दीडशेच्या वर जाते. रविवारी मोजलं." हे सांगताना हेमचंद्रांचा आवाज पहिल्यांदा जरा ताठ झाला. "पण बाई, आधी दोष ऐका."

"ऐकतो, चालता चालता. अकराले बाबांचं झालं की चक्कर मारू."

अकराला बापूसाहेबांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. एकदा बसवलेले बापूसाहेब चाचणीसाठी उतरवायचे म्हणजे दोन उचली वाढल्या, तेव्हा चाचणी त्यांच्यासकटच करायची ठरली. अंजनीबाईंनी डिकीत आपले चारही क्रेट बसवून पाहिले, ते बसले. मग कढीची मोठी स्टीलची कॅन मागच्या सीटपुढे पायाशी ठेवली, झाकण काढलं, आणि स्वतः शेजारी हात बांधून बसल्या.

"चला. रेल्वे फाटकाकडून घ्या, सगळ्यात रद्दी रोड तोच आहे."

"झाकण लावा ना, बाई."

"झाकण लावून कशाची परीक्षा?"

छत्तीस वर्षं तपासणीत काढलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटलं. ते चालवू लागले आणि दोष सांगू लागले. एक, ओरखडा. दोन, एसी गुणगुणतो. तीन, शिवण.

पाचव्यापाशी अंजनीबाईंनी हात वर केला. "दादा, तुम्ही पोरगी दाखवून राहिले का पोरीचा एक्स-रे?"

"सांगितलेलं बरं."

"बरं, पण गाडी गुणगुणते तर गुणगुणू द्या. माझा ऑटोवाला शिव्या देते."

रुळांवरून गाडी हळूच वर चढली, उतरली, दोन खड्डे चुकवून तिसऱ्यात गेली. सगळ्यांचं लक्ष कढीकडे होतं, बापूसाहेबांना मान वळवता येत नव्हती तरी. कढी एकदा डावीकडे आली, एकदा उजवीकडे, आणि काठावरून एक ओघळ खाली उतरला.

"सांडली," हेमचंद्र म्हणाले. पराभूत माणसाचा आवाज.

"दोन थेंब!" अंजनीबाई म्हणाल्या. "याले सांडणं म्हणत नाही."

"साक्षीदार म्हणून सांगतो," बापूसाहेब समोर पाहत बोलले, "याच सडकेवरून माझी हाडं चार वर्षं नेली यानं. एक नाही सांडलं."

दवाखान्याच्या आवारात परत आल्यावर अंजनीबाईंनी रिपोर्टचा कागद लांब धरून वाचला, मग घडी करून कमरेच्या बटव्यात ठेवला. "हा माझ्या भावाले दाखवतो, त्याले समजते. आता भाव सांगा."

शरयूताईंनी आठ दिवस शिकवून ठेवलं होतं. आधी सव्वापाच म्हणायचं, मग गप्प बसायचं, पाण्याचा ग्लास हातात घ्यायचा. हेमचंद्रांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या कमरेतून एक कळ वर आली आणि सगळी शिकवणी वाहून गेली.

"बाई, मला चार ऐंशी हवेत," ते म्हणाले. "एक रुपया जास्त नको. कटनीला एक व्हॅन आहे, माणूस खुर्चीसकट आत जातो, तिची तेवढी किंमत आहे. तीस तारखेपर्यंत. कमी मिळाले तर मला उपयोग नाही, जास्त मिळाले तर मला समजणार नाही."

अंजनीबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. "दादा, असं सांगतेत का कोणी? आधी तुम्ही साडेपाच म्हणायचं, मी चार म्हणायचं, तुम्ही रागवायचं, मी उठून जायचं. मग चहा."

"तेवढा दम नाही हो उरला."

अंजनीबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. ऑटोचे दिवस असावेत. "नथ्थूभाईकडं अशीच गाडी पाहिली म्या," त्या सावकाश म्हणाल्या. "पावणेसहा म्हणे. बॅटरीचा कागद मागितला तर त्यानं मले गाणं लावून दाखवलं. स्पीकर चांगला होता." मग पुन्हा थांबून, "चार सत्तर करा. मले क्रेटाले रॅक करा लागते."

हेमचंद्रांनी मान हलवली. नकार म्हणून नव्हे, हिशेब बसत नाही म्हणून.

"अंजनीबाई," गाडीतून बापूसाहेबांचा आवाज आला, "वजन माझं आहे, म्हणून मी बोलतो. ब्याऐंशी किलो. पाहता ना तुम्ही दर सोमवारी?"

"पाहतो ना बाबा." अंजनीबाईंनी पदराने कॅनचा ओघळ पुसला. "दोन वर्षं पाहून राहिली. द्या, चार ऐंशी. पण नावावर करायचा खर्च अर्धा-अर्धा. अन् तो उजवा आरसा कुरकुरते म्हणाले ना, त्यात तेल टाकून द्या. रोजची कुरकूर मले नाही चालत, माझा नवरा आहे त्यासाठी."

"टाकतो. पण बाई, अजून एक." हेमचंद्र अवघडले. "व्हॅन आणायला, कागद व्हायला दहा दिवस लागतील. तोवर सोमवार-गुरुवार..."

"सात वाजता पोहे घेऊन मी येतोच ना इथं. वाटेवर घर तुमचं. मी नेतो बाबाले."

घरी शरयूताईंनी ऐकलं आणि हातातलं लाटणं तसंच ठेवून बाहेर आल्या. "विकली? तुम्ही? केवढ्याला?"

"चार ऐंशी."

"पैसे दिले, की चालवून बघते म्हणाली?"

"वीस हजार दिले. बाकीचे शनिवारी, बँकेतून."

शरयूताई खुर्चीवर बसल्या. "मी म्हटलं होतं सव्वापाच सांगा."

"सांगणार होतो."

"मग?"

"थकलो," हेमचंद्र म्हणाले. शरयूताईंनी उठून गरम पाण्याची पिशवी आणून त्यांच्या पाठीमागे सरकवली.

शनिवारी पैसे आले, त्याच दुपारी कटनीला गेले. सोमवारी सकाळी साडेसहाला फाटकाबाहेर गाडी आली. आता तिच्यात फोडणीचा वास होता आणि आरशावर लिंबू-मिरची. अंजनीबाईंनी बापूसाहेबांचे पाय धरले, हेमचंद्रांनी खांदे धरले, आणि ब्याऐंशी किलो पहिल्यांदाच एक्केचाळीस-एक्केचाळीस झाले. मग हेमचंद्र नेहमीप्रमाणे उजव्या दाराकडे गेले. तिथे अंजनीबाई बसल्या होत्या.

"मागं बसा दादा. डब्याजवळ."

चार वर्षांत ते या गाडीच्या मागे कधी बसले नव्हते. सीटवर पोह्याचे दोन मोठे डबे, फडक्यात गुंडाळलेले, ऊबदार. पुढे बापूसाहेबांच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती. केस मानेवर उतरले होते, कापायला झाले होते. इतके दिवस लक्षातच आलं नव्हतं, कारण ते कायम शेजारी असायचे आणि हेमचंद्र समोर पाहायचे.

"पुढे खड्डा आहे," हेमचंद्र म्हणाले.

"दिसून राहिला मले."

"फाटकाच्या आधी ब्रेक जरा..."

"हेमू," बापूसाहेब म्हणाले, "गप बस."

ते गप बसले. करायला काहीच नव्हतं. हात मांडीवर होते, पाय कशावरही नव्हते. हेमचंद्रांनी एक कोपर डब्यावर टेकवलं, मग डोकं. फडक्यातून ऊब गालाला लागली.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबली. अंजनीबाई उतरून मागचं दार उघडायला आल्या आणि तिथेच थांबल्या. हेमचंद्र डब्याला मिठी मारून झोपले होते, तोंड किंचित उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"दादा—"

बापूसाहेबांनी समोरून हात वर केला. कोर्टात साहेब बोलत असताना कोणी खोकला तर ते असाच हात वर करायचे. "राहू द्या त्याला."

"बाबा, तुमचा नंबर सातचा आहे."

"मशीन कुठे पळून जाते? तुम्ही पोहे वाटून या."

अंजनीबाईंनी वाकून एक डबा हळूच बाहेर ओढला, दार आवाज न करता लावलं आणि आत गेल्या. दुसऱ्या डब्यातले पोहे त्या दिवशी अर्धा तास उशिरा वाटले गेले.